न विकल्या गेलेल्या डबाबंद पेयांची विल्हेवाट : एक आढावा

पेयांच्या व्यवसायाचा विचार करू लागलो म्हणजे आपली दृष्टी स्वाभाविकपणे विकल्या जाणाऱ्या मालाकडे जाते, आणि त्याच व्यवसायाची पर्यावरणाच्या अंगाने चिकित्सा करावयाची झाली तर ती पिऊन फेकून दिलेल्या रिकाम्या कॅनकडे वळते. परंतु या दोहोंच्या मध्ये मालाचा एक तिसरा वर्ग असतो, जो कारखान्यात तयार झाला, डब्यात भरला गेला, गुदामापर्यंत व पुष्कळदा दुकानापर्यंत पोचलाही, आणि तरीही कोणाच्या ओठांस न लागता निरुपयोगी ठरला. मुदत संपलेली, डबा चेपल्यामुळे नाकारलेली, छपाईतील दोषामुळे अडवून ठेवलेली, किंवा आरोग्याविषयी शंका आल्यामुळे बाजारातून परत बोलावलेली अशी ही भरलेली पेये असतात. कंपनीच्या दप्तरात त्यांचा निकाल नुकसानीच्या खात्यातील एका ओळीने लागतो. प्रत्यक्षात मात्र त्यांतील धातू, साखर, आम्ल आणि मद्यार्क यांना कोठे तरी जावेच लागते, आणि ते कोठे गेले याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

या प्रश्नाचा सर्व बाजूंनी आढावा घेण्यापूर्वी, पुढील साऱ्या विवेचनाच्या मुळाशी असलेला विचार आरंभीच सांगून टाकणे इष्ट होईल. रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर किंवा उकिरड्यावर पडलेला रिकामा कॅन बेवारस असतो. तो कोणी विकत घेतला, कोणी टाकला, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्या व्यवस्थेसाठी जगभर अनामत रकमा, परतावे, कायदे आणि संस्था यांचा मोठा प्रपंच उभारावा लागला. न विकल्या गेलेल्या भरलेल्या कॅनची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याचा धनी ठाऊक आहे, त्याचा ठावठिकाणा ठाऊक आहे, त्याच्या आत काय आहे हे त्याच्या अंगावरच छापलेले आहे, आणि तो सुटा पडलेला नसून हजारोंच्या संख्येने एका छपराखाली रचून ठेवलेला आहे. टाकाऊ पदार्थांच्या साऱ्या प्रकारांत इतका ओळखीचा आणि इतका हाताशी असलेला प्रकार दुसरा क्वचितच सापडेल. असे असता, बेवारस कॅन भट्टीपर्यंत पोचविण्याचे काम आपल्या देशात दरिद्री माणसे वर्षानुवर्षे करीत आली, आणि वारस हजर असलेल्या कॅनची मात्र आबाळ व्हावी, ही गोष्ट गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे.

डब्याची घडण

डबाबंद पेयाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड येथे २४ जानेवारी १९३५ रोजी क्रूगर या मद्यनिर्मात्याने डब्यातील बिअर प्रथम विक्रीस आणली. तो डबा कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा होता. १९५९ मध्ये कोलोरॅडोतील कूर्स कंपनीने ॲल्युमिनियमचा डबा बाजारात आणला, आणि रिकामा डबा परत आणून देणाऱ्यास एक सेंट देण्याची प्रथाही त्याच सुमारास सुरू केली. या धातूच्या डब्याची निर्मिती आणि त्याच्या परतीची कल्पना या दोन गोष्टी अशा प्रकारे एकमेकींचा हात धरून आल्या; त्यांची पुढे ताटातूट झाली ती व्यवहाराच्या सोयीसाठी झाली, धातूच्या स्वभावामुळे झाली नाही.

आजचा कॅन दोन भागांचा असतो. अंगाचा भाग एका चकतीपासून दाबून व ताणून काढलेला, आणि झाकणाचा भाग वेगळा. भरणी झाल्यावर या दोहोंच्या कडा एकमेकींत दुमडून पक्क्या दाबतात. सगळ्या कॅनचे वजन सुमारे १३ ग्रॅम, आणि भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. इतका पातळ पत्रा उभा राहतो, एवढेच नव्हे तर त्यावर डब्यांची उतरंड रचता येते, याचे कारण आतील वायूचा दाब. अंगाच्या मिश्रधातूत सुमारे एक टक्का मँगनीज असते, तर झाकणाच्या मिश्रधातूत साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असते. कारण झाकणाला अधिक कणखरपणा लागतो. आतील बाजूस राळेचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, तो नसता तर आम्लधर्मी पेयाने धातू कुरतडला असता. ही सारी माहिती पुढे उपयोगी पडणार आहे, कारण डब्याचा शेवट कसा करावा हे बहुतांशी त्याच्या घडणीवरच ठरते.

माल विक्रीबाहेर का जातो

माल विक्रीस अपात्र ठरण्याची कारणे अनेक असली तरी त्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग काळाचा. बिअरची मुदत थोड्या महिन्यांची असते, कारण तिची चव प्राणवायूच्या अल्प संसर्गानेही उतरते. शीतपेयांत जी साखरेऐवजी ॲस्पार्टेमने गोड केलेली असतात ती लवकर फिकी पडतात, कारण आम्लात, विशेषतः उष्ण हवेत, त्या द्रव्याचे हळूहळू विघटन होते. उन्हाळ्याच्या अंदाजाने भरलेला माल अवकाळी पावसाने पडून राहिला म्हणजे पावसाळ्यात त्याला उठाव राहत नाही, आणि दिवाळीपर्यंत मुदत सरते. २०२० च्या टाळेबंदीत उपाहारगृहे आणि मद्यगृहे एकाएकी बंद झाली, तेव्हा जगभर साठलेल्या बिअरवर हीच आपत्ती ओढवली.

दुसरा वर्ग शारीरिक दोषांचा. वाहतुकीत चेपलेला, उन्हात तापून फुगलेला, दुमडलेल्या कडेतून झिरपणारा डबा विकता येत नाही. एक डबा गळला तर त्याचा चिकट द्रव शेजारच्या डब्यांवर ओघळतो, खालचा पुठ्ठा भिजतो, बुरशी धरते, आणि एका डब्याच्या दोषाने सबंध खोके बाद होते.

तिसरा वर्ग कागदोपत्री कारणांचा, आणि तो वाटतो त्याहून मोठा आहे. घटकद्रव्यांच्या यादीत चूक झाली, किंमत बदलली, एखादा स्वाद बंद करण्याचे ठरले, तर आतील पेय निर्दोष असूनही माल अडतो. बिअरच्या बाबतीत आपल्या देशात याहून वेगळी अडचण आहे. मद्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याचे शुल्क निराळे, लेबलाची मंजुरी निराळी. एका राज्यात विकण्यासाठी छापलेला कॅन सीमेपलीकडील राज्यात तुटवडा असला तरी तेथे पाठविता येत नाही. डब्यांची छपाई मोठ्या संख्येने करावी लागते, त्यामुळे लहान उत्पादकाला गरजेहून अधिक डबे घ्यावे लागतात, आणि त्याच्या अडचणीत आणखी भर पडते.

या तिन्ही वर्गांच्या पलीकडे परत बोलावलेला माल असतो. १९९९ च्या जून महिन्यात बेल्जियममध्ये शाळकरी मुले आजारी पडल्याच्या तक्रारींवरून कोका-कोला कंपनीला तेथील व शेजारच्या देशांतील माल मागे घ्यावा लागला. डंकर्क येथील कारखान्यातून आलेल्या कॅनच्या बाहेरील भागास लाकडी फळ्यांवरील रसायनाचा वास लागला होता, असे चौकशीत पुढे आले. पुढील अभ्यासकांनी त्या आजारात भीतीच्या साथीचाही मोठा वाटा असल्याचे मत मांडले. परंतु मागे घेतलेले कोट्यवधी कॅन आणि बाटल्या पुन्हा विकता येणे शक्यच नव्हते. अशा प्रसंगी एका आठवड्यात इतका माल साठतो, की त्याच्या विल्हेवाटीची तजवीज आधीपासून करून ठेवलेली नसेल तर घाईचा आणि म्हणून वाईट मार्गच हाती राहतो.

द्रवाचे ओझे

सामान्य समजूत अशी असते, की पेय पिण्याजोगे असल्यामुळे ते गटारात ओतल्याने फारसे बिघडत नाही. ही समजूत पूर्णतः चुकीची आहे. साध्या गोड शीतपेयात दर १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. ती पाण्यात गेली म्हणजे सूक्ष्म जीव तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. एक ग्रॅम साखरेच्या संपूर्ण विघटनास सव्वा ग्रॅमहून थोडा कमी, नेमके म्हणावयाचे तर १.१२ ग्रॅम, प्राणवायू लागतो. या हिशेबाने शीतपेयाच्या एका लिटरची प्राणवायूची मागणी एक लाख मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि बिअरमध्ये साखर थोडी असली तरी मद्यार्कामुळे तिचाही आकडा लाखाच्या घरातच पडतो. ज्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यास आपल्या नियमांप्रमाणे नदीनाल्यात सोडण्याची परवानगी आहे, त्याची हीच रासायनिक मागणी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. साखर कारखान्यांच्या आसवनीतून निघणाऱ्या स्पेंटवॉशमुळे नदीतील मासे मेल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. त्या स्पेंटवॉशची आणि न विकलेल्या शीतपेयाची प्राणवायूची भूक जवळजवळ सारखीच आहे, हे कळले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

एका मालमोटारीचा हिशेब करून पाहू. तीत ३०० मिलिलिटरचे सुमारे ३३,००० कॅन, म्हणजे दहा हजार लिटर शीतपेय आहे असे धरले, तर त्यात एक टनाहून थोडी अधिक साखर होते, आणि तिच्या विघटनास सुमारे बाराशे किलो प्राणवायू लागतो. माणशी रोजच्या सांडपाण्याचा भार साधारण १२० ग्रॅम धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ही एक मोटार गटारात रिकामी केली असता दहा हजार वस्तीच्या गावाचे एका दिवसाचे सांडपाणी एकाच ठिकाणी, काही तासांत ओतल्यासारखे होते. शिवाय हे द्रव आम्लधर्मी असते, काहींत फॉस्फरिक आम्ल असते, ज्यातील फॉस्फरसमुळे साचलेल्या पाण्यात शेवाळ माजते. आणि सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये तर सांडपाण्याच्या प्रक्रियेतूनही बहुतांशी जशीच्या तशी निसटून पुढे जातात.

द्रवाच्या वाटा

पहिले काम डबा आणि द्रव वेगळे करण्याचे. यासाठी जी यंत्रे असतात त्यांत कॅन चिरडले किंवा भोसकले जातात, द्रव जाळीतून खालच्या टाकीत निथळतो, आणि पत्रा पुढे सरकून दाबाखाली त्याची गासडी होते. यंत्र नसेल तेथे हे काम हातांनी करावे लागते, आणि ते धोक्याचे असते. दाबाखालचा द्रव उसळतो, फाटलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी लागते, आणि बंद खोलीत हजारो डबे फोडले तर निघणारा कर्बद्विप्राणिद वायू जमिनीलगत साचून माणूस गुदमरू शकतो. बाहेरील पुठ्ठा, प्लॅस्टिकचे आवरण आणि लाकडी फळ्या आधीच सोडवून घेतल्या तर त्यांचाही स्वतंत्र उपयोग होतो. सगळे एकत्र चिरडले तर कशाचाच होत नाही.

वेगळ्या झालेल्या द्रवापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली वाट जैववायूची. हवेविना वाढणारे जिवाणू साखरेचे व मद्यार्काचे मिथेन वायूत रूपांतर करतात. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे लेटिंगा यांनी १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेली, सांडपाणी खालून वर चढत गाळाच्या थरातून नेणारी पद्धती अशा गोड सांडपाण्यासाठीच प्रथम नावारूपास आली, आणि आज मद्याच्या व शीतपेयांच्या पुष्कळ कारखान्यांत ती वापरात आहे. वर सांगितलेल्या एका मोटारीतील द्रवापासून सिद्धांतानुसार चारशे घनमीटरांच्या आसपास मिथेन मिळू शकतो, म्हणजे वीस-बावीस घरगुती सिलिंडरांइतकी उष्णता. व्यवहारात ती काहीशी कमी भरेल, परंतु नगण्य खचित नाही. मात्र हे द्रव एकदम ओतून चालत नाही. आम्ल आधी चुन्याने किंवा सोड्याने शमवावे लागते, साखरेबरोबर जिवाणूंना लागणारा नत्र पेयात जवळजवळ नसल्यामुळे तो वेगळा घालावा लागतो, आणि रोजच्या सांडपाण्यात थोडे थोडे मिसळत राहावे लागते. नाही तर आम्ल साचून जिवाणूंची सारी वस्ती मरते आणि संयंत्र पुन्हा उभे राहण्यास आठवडे लागतात. मुदतबाह्य माल एकाच दिवशी मोकळा करण्याची घाई या शास्त्राशी विसंगत आहे, ही गोष्ट व्यवस्थापकांनी विशेषत्वाने जाणून घ्यावी.

दुसरी वाट आसवनीची. साखरेचे किण्वन करून, किंवा बिअरमध्ये आयताच असलेला मद्यार्क ऊर्ध्वपातनाने काढून, औद्योगिक वापराचे इथेनॉल मिळविता येते. त्याच एका मोटारीतील साखरेपासून सहाशे लिटरांच्या आसपास इथेनॉल निघावे. येथे अडचण अशी, की ज्या पेयांत सोडियम बेंझोएटसारखी परिरक्षके असतात, त्यांनी यीस्टची वाढ खुंटते, आणि अवघी दहा टक्के साखर असलेले पाणी लांबवर वाहून नेणे किफायतशीर होत नाही. तथापि ज्या महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांच्या आसवन्या जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या आहेत, आणि मळीचे किण्वन व स्पेंटवॉशपासून जैववायू या दोन्ही गोष्टी ज्यांच्या हातच्या आहेत, तेथे अंतराची अडचण इतरत्र जितकी आहे तितकी असू नये.

तिसरी वाट पशुखाद्याची. निर्दोष परंतु लेबलातील चुकीमुळे अडलेले फळांचे रस किंवा साखरेचे पेय सुक्या वैरणीवर योग्य प्रमाणात वापरता येते. मद्यार्क, कॅफीन किंवा संशयित दोष असलेल्या मालाला मात्र ही वाट सर्वथा बंद असली पाहिजे. आणि या तिन्ही वाटांच्या आधी, मुदत पुरेशी शिल्लक असेल आणि दोष केवळ बाहेरच्या खोक्याचा असेल, तर तो माल माणसांच्या उपयोगी पडावा, वसतिगृहांना किंवा श्रमिकांच्या उपाहारगृहांना अल्प मोलाने द्यावा, हे उघड आहे. परंतु त्यासाठी मुदत संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागतो, आणि सर्वांत अधिक टाळाटाळ या निर्णयाचीच होते.

धातूची वाट

द्रवाच्या मानाने धातूचा प्रश्न सोपा, आणि लाभाच्या दृष्टीने मोठा आहे. एक टन ॲल्युमिनियमसाठी चार ते पाच टन बॉक्साइट खणावे लागते, त्यातून दोन टन ॲल्युमिना काढावे लागते, तेवढ्याने लाल गाळाचे ढीग साठतात, आणि शेवटी विद्युत्‌विच्छेदनास तेरा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. जुन्या धातूचा रस करावयास या साऱ्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जा पुरते. आपल्या उदाहरणातील मोटारीत चारशे किलोंहून अधिक ॲल्युमिनियम असते. ते भट्टीत परत गेले तर पाच हजारांहून अधिक युनिट विजेची बचत होते. कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या पठारांतून बॉक्साइट खणले गेले आहे; ती पठारे म्हणजे नद्यांची उगमस्थाने आणि दुर्मीळ वनस्पतींची माहेरे आहेत. तेव्हा परत आलेला धातू म्हणजे न खणलेला डोंगर, हे समीकरण आपल्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही.

परंतु भरलेला कॅन जसाच्या तसा भट्टीकडे नेता येत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते; त्या रसात द्रव अडकलेला एक जरी डबा पडला, तरी पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो आणि वितळलेला धातू सभोवार उडतो. भट्टीवरील कामगारांच्या जिवावर बेतणारे अपघात अशाच ओलाव्यामुळे होतात. म्हणून द्रव पूर्ण निथळलेला, गासडी फार घट्ट न बांधलेली, आणि शक्यतो पत्रा धुऊन वाळविलेला असावा लागतो. साखर चिकटून राहिली तर ती जळून धूर करते. त्यानंतर राळेचा थर व रंग सुमारे पाचशे अंशांच्या उष्णतेत जाळून काढतात, आणि मगच रस करतात. हा थर न काढता पत्रा टाकला तर अधिक धातू जळून भट्टीच्या वर तरंगणाऱ्या मळात, म्हणजे ड्रॉसमध्ये, वाया जातो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अंगाचा आणि झाकणाचा मिश्रधातू वेगळा असल्यामुळे दोन्ही एकत्र वितळवले की मॅग्नेशियमचे प्रमाण बदलते. ते जमवून घेतले आणि दुसरा कोणताही धातू मिसळू दिला नाही, तर त्याच रसापासून पुन्हा कॅनचाच पत्रा लाटता येतो. जेथे ही शिस्त पाळली जात नाही तेथे कॅनचे ॲल्युमिनियम ओतीव भागांत, भांड्यांत किंवा पोलाद शुद्ध करण्याच्या कामी जाते. ते वाया जात नाही, परंतु त्याची प्रत उतरते, आणि नव्या कॅनसाठी पुन्हा नवा धातू लागतो. रस्त्यावरून वेचलेल्या भंगारात अशी निवड कठीण असते. उलट न विकलेल्या मालातून निघालेला पत्रा एकाच जातीचा, एकाच कारखान्याचा आणि भेसळीवाचून असतो. कॅनपासून पुन्हा कॅन करण्यास याहून उत्तम कच्चा माल मिळणार नाही.

कायदा, कर आणि दप्तर

आपल्याकडे या विषयावर कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती त्यांच्या परस्परसंबंधाची. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा, माल परत बोलावण्याविषयीचे विनियम २०१७ चे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उत्पादकांना व आयातदारांना असा आदेश दिला, की नाकारलेल्या व मुदतबाह्य मालाची आणि त्याच्या विल्हेवाटीची माहिती दर तिमाहीस कळवावी. हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण मुदतबाह्य मालावरील तारीख पुसून नवी छापण्याचा गुन्हा रोखावयाचा तर अशा नोंदीवाचून गत्यंतर नाही. बिअरच्या बाबतीत १९४९ चा मद्यनिषेध अधिनियम व त्याखालील नियम लागू होतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीवाचून माल नष्ट करता येत नाही, आणि तो अधिकाऱ्यासमक्ष नष्ट करून त्याची नोंद ठेवावी लागते. सांडपाण्यावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा असला तरी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट आहे.

तथापि बारकाईने पाहिले तर प्रत्येक खात्याची नजर कॅनच्या एकेका भागापुरती आहे. शुल्क विभागाला पाहावयाचे असते ते मद्य बाजारात पुन्हा जाऊ नये आणि महसूल बुडू नये एवढे. द्रव कोणत्या नाल्यातून गेला हा त्याच्या पंचनाम्याचा विषय नव्हे. प्रदूषण मंडळ कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाशी उभे असते, परंतु दूरच्या वितरकाच्या गुदामात काय ओतले गेले हे त्याला कळत नाही. अन्नखाते मुदतीवर लक्ष ठेवते, धातूवर नाही. चौथे खाते कराचे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय अधिनियमातील कलम १७(५) प्रमाणे नष्ट केलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आणि माल गटारात ओतला की जैववायू करून धातू भट्टीत पाठविला, असा कोणताही भेद या तरतुदीत नाही. ज्याने खर्च करून योग्य विल्हेवाट लावली आणि ज्याने काहीच केले नाही, ते दोघेही करखात्याच्या लेखी सारखेच. अशा व्यवस्थेत वितरक मुदत संपत आलेला माल दुर्गम दुकानांत ढकलण्याचा मोह धरील, तर त्याला केवळ त्याची नीती कारणीभूत आहे असे म्हणणे न्याय्य होणार नाही.

परदेशांतील व्यवस्था आणि आपले कष्टकरी

परदेशांत रिकाम्या पात्रांसाठी अनामत रकमेची पद्धती रूढ झाली आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९७१ मध्ये तसा कायदा केला. स्वीडनने १९८४ मध्ये ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी, नॉर्वेने १९९९ मध्ये, आणि जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरावयाच्या पात्रांसाठी ही पद्धती आणली. भारतात तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटल्यांवर दहा रुपये अनामत घेतली जाऊ लागली, आणि गोवा शासनाने २०२४ मध्ये अशा योजनेची अधिसूचना काढली. या साऱ्या व्यवस्था उपयुक्त आहेत, परंतु त्यांची रचना ग्राहकाने रिकाम्या केलेल्या पात्राभोवती झालेली आहे. ग्राहकापर्यंत न पोचलेला भरलेला कॅन त्यांच्या केंद्रस्थानी नाही.

याउलट ब्राझीलचा दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथे ॲल्युमिनियमच्या कॅनपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कॅन परत येतात, आणि त्याचे मोठे श्रेय रस्त्यारस्त्यांतून ते वेचणाऱ्या कष्टकऱ्यांना आहे. आपल्याकडेही रिकाम्या कॅनला भंगाराच्या बाजारात हमखास दाम मिळतो. किलोला पंचाहत्तर-शहात्तर कॅन लागतात, आणि ते एकेक करून वेचणारी स्त्री दिवसभराच्या पायपिटीनंतर जे काट्यावर घालते, तेच पुढे कुर्ल्याच्या किंवा धारावीच्या भंगार बाजारातून भट्टीकडे जाते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या श्रमाला संघटनेचे बळ आणि समाजात ओळख मिळवून दिली. धातूच्या परतीचे ज्ञान, निवड करण्याचे कौशल्य आणि बाजाराची ओळख ही सारी या लोकांपाशी आहे. ती न विकलेल्या मालाच्या कामी रीतसर मोबदला, हातमोजे आणि यंत्रे देऊन वापरता येईल. चोरवाटेने आलेले अर्धवट भरलेले डबे सळईने फोडण्याची पाळी मात्र त्यांच्यावर कधीही येता कामा नये.

काय करावयास हवे

या साऱ्या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रतिबंध हा पहिला उपाय, आणि तो उत्पादकाच्याच हाती आहे: ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढण्याचा शिरस्ता वितरकाच्या गुदामापर्यंत कसोशीने पाळणे, हंगामाचा अंदाज पावसाकडे पाहून दुरुस्त करणे, आणि मुदतीच्या शेवटच्या टप्प्यात आलेल्या मालाबद्दल वेळीच निर्णय घेणे. शासनानेही बिअरच्या लेबलांचे नियम असे सैल करावेत, की एका राज्यात पडून राहिलेला माल, शुल्कातील फरक भरून, शेजारच्या राज्यात विकता येईल. महसूल न बुडता नाश टळेल.

जो माल तरीही शिल्लक राहील, तो वितरकाने नष्ट करावयाचा नसून उत्पादकाकडे किंवा त्याने नेमलेल्या परवानाधारक केंद्राकडे परत यावा, आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च उत्पादकाने सोसावा. कारण लहान गुदामात ना प्रक्रियेची सोय असते, ना तपासणीची. महाराष्ट्राची परिस्थिती या दृष्टीने विशेष अनुकूल आहे. तळोजे आणि वाळूज येथे कॅन बनविणारे कारखाने आहेत, वाळूजच्याच परिसरात बिअरचे कारखाने आहेत, उसाच्या पट्ट्यात आसवन्या व जैववायूची संयंत्रे आहेत, आणि शहरांत भंगाराचा जाणता व्यापार आहे. साखळीचे सारे दुवे एकाच राज्यात असताना त्यांना जोडणारी व्यवस्था नसावी, ही उणीव भरून काढण्यास नव्या शोधाची गरज नाही. एकत्र बसून करार करण्याची गरज आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाखल्याचे स्वरूप बदलले पाहिजे. आज माल नष्ट केल्याचा दाखला मिळाला की प्रकरण बंद होते. त्याऐवजी किती लिटर द्रव कोणत्या संयंत्रात गेले आणि किती किलो धातू कोणत्या भट्टीत गेला, याची वजनासह नोंद असलेला एकच दाखला शुल्क विभाग, अन्नखाते, प्रदूषण मंडळ आणि करखाते या चौघांनी ग्राह्य मानावा; आणि असा दाखला सादर करणाऱ्यास भरलेल्या कराची वजावट मिळावी, न करणाऱ्यास मिळू नये. माल किती होता हे उत्पादकाला आधीच ठाऊक असल्यामुळे हिशेबातील तफावत लपविणे कठीण जाईल, आणि योग्य विल्हेवाट लावणाऱ्यास तोटा सोसावा लागणार नाही. मोठ्या कंपन्यांना हे आजही साधण्यासारखे आहे. लहान उत्पादकांसाठी औद्योगिक वसाहतींतून सामाईक केंद्रे उभारावी लागतील, आणि त्यांचा आरंभीचा भार शासनाने उचलणे रास्त ठरेल.

बेवारस कॅनसाठी समाजाने जेवढे कष्ट उपसले, त्याच्या अल्पांशाने हे काम होण्यासारखे आहे. माल, माहिती, पैसा आणि दप्तर या चारही गोष्टी ज्याच्या ताब्यात आहेत, त्या उत्पादकाचे खाते माल निर्लेखित केल्याच्या दिवशी बंद न होता, द्रवाचा वायू झाल्याचा आणि धातूचा रस झाल्याचा पुरावा आल्यावरच बंद व्हावे, एवढा एक नियम सर्व खात्यांनी मिळून अमलात आणला, तर या प्रश्नाचा फार मोठा भाग सुटेल असा माझा दृढ विश्वास आहे.